ॲक्रिलिकला भोक पाडताना तडा का जातो?

केंद्र सरकारने २४ फेब्रुवारी २०२३ रोजी औरंगाबादच्या नामांतराला मंजुरी दिली आणि शहरातल्या पाट्यांवर ‘छत्रपती संभाजीनगर’ झळकू लागलं. हल्ली अशा पाट्या, घरांच्या नेमप्लेट बऱ्याचदा ॲक्रिलिकच्या असतात. पाटी छान बनून येते आणि स्क्रूसाठी भोक पाडताना कोपऱ्यात कडकन तडकते. पैसे पाण्यात!

दोष बहुतेक वेळा बिटचा असतो. आपल्या घरातला बिट लोखंडासाठी घडवलेला. त्याच्या टोकाचा कोन साधारण ११८ अंश आणि कडा खणत पुढे जाणाऱ्या. लोखंड त्याला अडवून धरतं, ॲक्रिलिक धरत नाही. मग बिट स्क्रूसारखा आत ओढला जातो आणि तळाशी उरलेला पातळ थर एकदम फोडून बाहेर पडतो. तडा अगदी शेवटच्या क्षणी जातो तो यामुळेच. प्लॅस्टिकसाठीचा ६० ते ९० अंशांचा टोकदार बिट हार्डवेअरच्या दुकानात विचारून बघा. नाहीच मिळाला, तर जुन्या बिटच्या कापणाऱ्या कडा धार लावायच्या दगडावर हलकेच घासून किंचित सपाट करा. मग तो खणत नाही, खरवडतो.

पाटीवरचा संरक्षक कागद तसाच राहू द्या. खाली प्लायवुडचा तुकडा ठेवून दोन्ही क्लॅम्पने आवळा. मशीनचा हॅमर बंद हवा. भिंतीला भोक पाडून लगेच पाटीकडे वळलं की हे हमखास विसरतं. ॲक्रिलिक १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे गती कमी ठेवा आणि बिट मधूनमधून वर काढा. चष्मा घालाच.

भोक नीट पडलं तरी काही महिन्यांनी तडा जाऊ शकतो. १ मीटर लांबीचं ॲक्रिलिक ३० अंश तापलं की सुमारे २ मिमी वाढतं, आणि इथली डिसेंबरची पहाट ते मे महिन्यातली दुपार एवढा फरक सहज पडतो. म्हणून ४ मिमी स्क्रूला ६ मिमीचं भोक, सपाट डोक्याचा स्क्रू आणि रबरी वॉशर. निमुळतं डोकं पाचरीसारखं रुततं. भोक काठापासून निदान त्याच्या व्यासाच्या दुप्पट आत घ्या.

लेझरने भोकं पाडून घेतली तर हा खटाटोप वाचतो, पण उष्णतेने कडेला ताण राहतो. तिथे स्पिरिट किंवा थिनर लागला की केसासारख्या रेषा उमटतात. पाटी साबणाच्या पाण्याने आणि मऊ कापडानेच पुसा.