ग्रंथालय-सेवकांच्या प्रशिक्षण-गरजांची पाहणी
ग्रंथालयातील सेवकांना नोकरीत असताना कोणते नवे शिक्षण हवे, हे प्रश्नावली, मुलाखत व कामाच्या निरीक्षणातून ठरविण्याची पद्धत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम (१९६७) लागू झाल्यावर शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले. अनुदान त्यानुसार मिळते. लहान गावात बहुधा एकच माणूस दाखल नोंदवही लिहितो, देवघेव सांभाळतो, वर्तमानपत्रे लावतो आणि तपासणीची कागदपत्रेही जुळवतो. विद्यापीठीय ग्रंथालयासाठी बेतलेली प्रश्नावली त्याच्यापुढे ठेवणे व्यर्थच.

‘कोणते प्रशिक्षण हवे?’ असे थेट विचारले, की ‘संगणकाचे’ एवढेच उत्तर येते. ‘गेल्या आठवड्यात काम कुठे अडले?’ असे विचारावे. मग दशांश वर्गीकरणातील घोळ, ‘ई-ग्रंथालय’ किंवा ‘कोहा’ या संगणक-प्रणालींतील अडचणी बाहेर येतात. नांदेड जिल्ह्यात तेलंगणाच्या सीमेवरील धर्माबादकडे मराठीसोबत तेलुगू आणि उर्दूही बोलली जाते. तेथे तिन्ही लिप्यांतील शीर्षके तालिकेत कशी नोंदवावीत, हाही प्रश्न पाहणीत हवा. प्रशिक्षणवर्ग कुठे भरावा, हेही विचारावे: एकटा सेवक नांदेडला गेला, तर त्या दिवशी ग्रंथालयाला कुलूप लागते.