निष्क्रिय खातं

बँकेत एक नियम आहे. खात्यावर दोन वर्षं कसलीच देवघेव झाली नाही, की ते निष्क्रिय म्हणून बाजूला काढायचं. आणि दहा वर्षं कुणी फिरकलंच नाही, की त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे पाठवून द्यायची. खातेदार किंवा त्याचे वारस पुढं कधीही उगवले तरी पैसे परत मिळतात, फक्त पुरावा लागतो. माझं असं एक खातं २०१० साली बंद पडलं. त्याचा पुरावा थोडा माझ्या डोक्यात आहे आणि थोडा आमच्या शाखेतून निवृत्त झालेल्या हेड कॅशियरांच्या. खात्याचं नाव महिंद्र युनायटेड, मुंबई.

‘म्हणजे ते जीपवाले?’ असं तुम्ही विचाराल. तेच. वर्तमानपत्रंसुद्धा त्या संघाला ‘जीपमेन’ म्हणत. १९६२ साली कंपनीचा संघ म्हणून तो उभा राहिला. मुंबईतला मोठा फुटबॉल हा तसा कचेऱ्यांचा आणि कारखान्यांचाच खेळ. कॅलटेक्स, टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, दोन्ही रेल्वे, झालंच तर बँका. माणूस सकाळी मस्टरवर सही करायचा आणि दुपारी गोल मारायचा. (आम्हांला यातला पूर्वार्धच जमला.)

आमच्या शाखेत कोल्हापूरहून बदलून आलेले एक अधिकारी होते. त्यांना या प्रकाराचं फार हसू यायचं. ‘कंपनीचा कसला संघ हो? संघ पेठेचा असतोय, तालमीचा असतोय,’ म्हणायचे. पाटाकडील तालीम, खंडोबा, दिलबहार ही नावं ते कुलदैवतांसारखी घेत. शाहू स्टेडियमवरचा सामना हरला तर आठवडाभर घरी धड कुणी बोलत नाही, हे ते अभिमानानं सांगत. आम्ही हरलो तर घरी कुणाला पत्ताही नसे.

आमचं शाहू स्टेडियम म्हणजे कूपरेज. कूपर म्हणजे लाकडी पिंपं करणारा. इंग्रजांच्या वेळी तिथं पिंपांचं काम चाले, त्यावरून मैदानाला हे नाव पडलं. काही सामन्यांची गर्दी पाहून वाटे, पिंपं ठेवली असती तर जागा अधिक भरली असती. ओव्हलवर क्रिकेटचे पन्नास डाव एकमेकांच्या पायांत पाय घालून चाललेले असत. त्यांतून चेंडू चुकवत हेड कॅशियर आणि मी कूपरेज गाठायचो. रोख मोजून, तिजोरी लावून ते ज्या वेगानं निघत, तो वेग त्यांनी ग्राहकांना कधी दाखवला नाही. ईस्ट बंगाल किंवा मोहन बागान आले, की मुंबईतले झाडून सगळे बंगाली तिथं लोटत आणि आमच्याच गावात आम्ही पाहुणे होऊन कडेला बसत असू.

पण २००५-०६ चा हंगाम! मी नोकरीला नुकताच चिकटलो होतो. त्या हंगामात संघानं आधी फेडरेशन कप जिंकला आणि मग राष्ट्रीय लीगही. १९९६ ते २००७ या अकरा हंगामांत ही लीग जिंकणारा महाराष्ट्रातला तो एकमेव संघ. प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा. पुढं घानाचा यूसिफ याकुबू आणि ब्राझीलचा होझे रामिरेझ बरेटो. उजव्या विंगवरून स्टीव्हन डायस असा क्रॉस टाकी, की हेड कॅशियर नोटा मोजायचा अंगठा तोंडातच ठेवून बघत राहत. बरेटोला कोलकात्यात लाडानं ‘हिरवा पोपट’ म्हणत. आपल्याकडं पोपट होणं ही वेगळीच गोष्ट असल्यामुळं आम्ही ते नाव पुढं चालवलं नाही. आणि मधल्या फळीत खालिद जमील. पुढं याच जमीलनं २०१७ साली ऐजॉलसारख्या छोट्या संघाला आय-लीग जिंकून दिली आणि २०२५ मध्ये तो भारताचा प्रशिक्षक झाला. भारताच्या भावी प्रशिक्षकाला मी कूपरेजच्या बाकावरून मोफत आणि मोठ्यानं सल्ले दिलेले आहेत. त्यानं ते ऐकले नाहीत, हे त्याच्या प्रगतीवरून दिसतंच.

२००८ साली संघानं ड्युरँड कप जिंकला, तिसऱ्यांदा. आणि २०१० साली कंपनीनं जाहीर केलं, की हंगाम संपला की संघ बंद; यापुढं भर शाळकरी मुलांच्या फुटबॉलवर. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. खर्चाचं एक सदर बंद करून दुसरं उघडण्यात हिशेबाची काहीच चूक नाही, हे मला कळतं. कळून उपयोग मात्र झाला नाही. कोल्हापूरचे साहेब तोवर बदलून गेले होते, तरी त्यांनी मुद्दाम फोन केला. हसायला केला असेल म्हणून मी तयारीत होतो. ‘वाईट झालं हो,’ एवढंच म्हणाले.

त्यांचं म्हणणं मला पुढं उमगलं. तालमीच्या पोराला जुने सामने आजोबा सांगतात, शेजारी दुरुस्त करतात, कट्ट्यावरचा तिसरा दोघांनाही खोटं पाडतो, आणि असा एका सामन्याचा इतिहास पक्का होतो. आमच्या कट्ट्यावर माणसं दोन. त्यांतले एक आता सत्तरीला आलेत.

गेली दोनतीन वर्षं ते रविवारी फोन करतात आणि त्यांच्या नोंदी एकमेकींत मिसळू लागल्या आहेत. २००१ साली संघानं ड्युरँड जिंकला, तो सामना ते मला वर्णन करून सांगतात : बरेटोनं कसा बचाव फोडला, आपण कसे उभे राहिलो. आता, सामना झाला दिल्लीला. २००१ साली बरेटो मोहन बागानकडं होता, २००४ पर्यंत तिथंच होता. आणि हेड कॅशियर, त्यांच्याच सेवापुस्तकाप्रमाणं, रजेवर नव्हते. एका नोंदीत तीन चुका. पाच पैशांचा फरक लागावा म्हणून ज्या माणसानं मला रात्री नऊपर्यंत बसवून ठेवलं, त्याच्या तोंडून!

पहिल्यांदा मी दुरुस्ती केली. सालासकट, पुराव्यासकट. पलीकडं बराच वेळ काही आवाज नव्हता. मग ते म्हणाले, ‘असं होय. मग मी कुठं पाहिलं ते?’ पुढचे दोन रविवार फोन आला नाही.

तिसऱ्या रविवारी मीच केला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, गुडघ्यांची चौकशी झाली. मग हळूच त्यांनी विचारलं, ‘अरे, त्या दिल्लीच्या सामन्यात बरेटो होता ना?’

‘होता की,’ मी म्हटलं. ‘आपण गोलच्या मागंच उभे होतो.’

‘बघ!’ ते म्हणाले. ‘आणि तू म्हणत होतास नव्हता.’