न पाहण्याची परीक्षा

पडद्याच्या मधोमध एक खूण असते, तिच्यावर नजर लावून बसायचं. मग डावीकडे किंवा उजवीकडे अचानक एक ठिपका उजळतो. त्याच्याकडे बघायचं नाही. तेवढ्याच अंतरावर, पण विरुद्ध बाजूला बघायचं, जिथे काहीच नसतं. नियम ऐकताना पोरखेळ वाटतो, पण करायला बसलं की धडधाकट तरुणाचाही डोळा मधूनच ठिपक्याकडे पळतो. वय वाढतं तसा बुद्धीच्या कामकाजात काय फरक पडतो, हे डोळ्यांच्या हालचालींवरून जोखायचे जे प्रयत्न चालू आहेत, त्यांत या खेळाला मोठा मान आहे. त्याचं नाव अँटिसॅकेड. मात्र त्याचं कुळ शोधायला निघालं, तर म्हातारपण फार उशिरा भेटतं. आधी भेटतात पुस्तक वाचणारी माणसं, मग मनोरुग्णालय, मग अपस्माराचे रुग्ण.

वाचताना डोळा ओळीवरून सरळ घसरत जात नाही, उड्या मारत आणि थांबत जातो, हे १८७९च्या सुमारास उमगलं. एव्हाल्ड हेरिंगने पापणीला नळ्या लावून डोळ्याच्या स्नायूंचे बारीक आवाज ऐकले. पॅरिसमध्ये नेत्रवैद्य एमिल जावालच्या प्रयोगशाळेत लामारनेही पापणीचे ठोके कानानेच मोजले. म्हणजे डोळ्याच्या उड्या नीट दिसण्याआधी ऐकू आल्या. श्रेय बहुतेक पुस्तकं एकट्या जावालला देऊन टाकतात, ते काही न्यायाचं नाही. पुढे काचबिंदूने याच जावालची दृष्टी गेली, तेव्हा त्याने आंधळेपणी कसं जगावं यावर पुस्तक लिहिलं.

ऐकलेलं कागदावर उतरवायचं काम अमेरिकेत एडमंड ह्यूईने केलं, आणि त्याची पद्धत वाचताना अजूनही अंगावर काटा येतो. डोळा कोकेनने बधिर करायचा आणि बुबुळावर प्लास्टर ऑफ पॅरिसची चिमुकली वाटी बसवायची. वाटीला मधोमध भोक असायचं, त्यातून माणसाने वाचायचं. वाटीपासून एक हलकी तरफ निघे, तिच्या टोकाला ॲल्युमिनियमची सुई. ही सुई काजळी धरलेल्या कागदाच्या फिरत्या नळकांड्यावर रेघ ओढायची. १८९८ साली ह्यूईने हे प्रसिद्ध केलं. डोळ्यावर ओझं ठेवून डोळ्याची चाल मोजायची, हा मूळचाच घोळ होता, पण रेघ मिळाली.

तो घोळ रेमंड डॉजने सोडवला. १९०१ साली त्याने आणि क्लाइनने डोळ्याला हात न लावता बुबुळावर उजेडाची तिरीप पाडली आणि तिचं परावर्तन हळूहळू खाली सरकणाऱ्या छायाचित्रणाच्या काचेवर टिपलं. आजची यंत्रं अवरक्त किरण वापरतात आणि काही सेकंदाला हजार वेळा डोळा टिपतात. पण त्यांतल्या बहुतेकांचा आधार तोच आहे, बुबुळावर चमकणारा उजेडाचा ठिपका. डॉज काम करायचा ते गाव कनेक्टिकटमधलं मिडलटाउन, आणि तिथेच राज्याचं मनोरुग्णालय होतं. तिथल्या डीफेनडॉर्फ या डॉक्टरांबरोबर डॉजने १९०८ साली रुग्णांच्या नजरेच्या नोंदी छापल्या. आज ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात, त्या रुग्णांना सरकत्या वस्तूचा नजरेने सलग पाठलाग जमत नव्हता. नजरेच्या आलेखावरून मनाचा आजार वाचायची ही सुरुवात.

इथवरची सगळी मंडळी डोळा काय करतो तेच बघत होती. डोळ्याला नको म्हणून पाहावं, हे सुचलं टोरांटो विद्यापीठातल्या पीटर हॅलेटला. १९७८ साली त्याने उलट बाजूला बघायचा तो नियम प्रयोगात आणला. त्याच्या डोक्यात ना म्हातारे होते ना रुग्ण, त्याला नजरेच्या उडीचं गणित हवं होतं. पण त्या साध्या नियमात दोन कामं दडलेली होती. एक, अंगभूत ओढ दाबणं. दोन, जिथे काही नाही तिथे केवळ ठरवून नजर नेणं.

मेंदूतलं हे काम कुणाचं, ते १९८५ साली मॉन्ट्रियलमध्ये समोर आलं. औषधांना न जुमानणाऱ्या अपस्मारासाठी मेंदूच्या पुढच्या भागातला तुकडा काढावा लागलेल्या रुग्णांना गिटन, बुक्टेल आणि डग्लस यांनी हाच खेळ दिला. नियम त्यांना कळत होता, पण डोळा ठिपक्याकडे धावल्याशिवाय राहत नव्हता. मेंदूचा हाच पुढचा भाग वयाबरोबर लवकर झिजतो, असं म्हणणारे अभ्यासक होतेच. तेव्हा खेळ म्हाताऱ्यांपर्यंत पोचणार हे उघड होतं.

वयाचा मोठा पट मांडणारा असा एक अभ्यास १९९८ साली कॅनडातल्याच किंग्स्टनमध्ये झाला. डग्लस मुनोझ आणि सहकाऱ्यांनी ५ ते ७९ वयाच्या १६८ निरोगी माणसांना यंत्रासमोर बसवलं. सगळ्यांत चपळ ठरली विशी ते तिशीतली माणसं. साठीपुढच्यांची नजर उशिरा निघायची आणि तिची उडीही जास्त वेळ घ्यायची. पण दिशा चुकण्यात सगळ्यांत पुढे होती पाच ते आठ वर्षांची पोरं! म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, असं आपण सहज म्हणून जातो, ते निदान इथे तरी खरं ठरत नाही.

माझ्या मते या सगळ्या कुळातली सर्वांत मोलाची नोंद २००५ सालची आहे. इंग्लंडमधल्या लँकेस्टरच्या ट्रेव्हर क्रॉफर्ड यांच्या गटाने अल्झायमरचे रुग्ण तपासले. त्यांच्या चुका जास्त, हे अपेक्षितच होतं. खरा फरक चुकीनंतर होता. निरोगी वृद्धाचा डोळा ठिपक्याकडे गेलाच, तर तो लगेच, कुणी न सांगता, उलटीकडे वळतो. अल्झायमरच्या रुग्णाची नजर बऱ्याचदा चुकल्या जागीच राहते. आपल्या घरांत आजोबा दोनदा नाव चुकले की लगेच कुजबुज सुरू होते. चुकल्यावर त्यांनी स्वतःला सावरलं का, हे कुणी बघत नाही.

उशीर आणि आजार वेगळे काढायचं कामही लँकेस्टरमध्येच पुढे झालं. मधली खूण ठिपक्याच्या किंचित आधी पुसली तर नजर लवकर सुटते, हे सॅस्लोने १९६७ साली दाखवलं होतं. २०२०च्या अभ्यासात हा लाभ अल्झायमरच्या रुग्णांतही शाबूत दिसला. नजर सुटायला लागणारा उशीर मात्र वयाबरोबर वाढलेला होता. त्या अभ्यासात ९४ दक्षिण आशियाई वृद्ध होते, ही आपल्यासाठी मुद्दाम सांगण्याजोगी बाब. एरवी या शास्त्रातला सरासरी म्हातारा गोराच असतो.

आपल्याकडे अडचण आणखी एक आहे. बुद्धीच्या रूढ चाचण्यांत वाक्य लिही, शंभरातून सात-सात वजा कर, अशी कामं असतात. शाळा न पाहिलेली आजी तिथे नापास होते, ते आजारामुळे नव्हे. म्हणून हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांसाठी मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी हिंदी चाचणी नव्याने बेतली, ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. ठिपक्याला अक्षरओळख लागत नाही, हे खरं. पण नियम ध्यानात ठेवावा लागतोच. शिवाय मोतीबिंदू, लोंबणाऱ्या पापण्या, दुहेरी भिंगाचा चष्मा, यांनी यंत्र फसतं ते वेगळंच.

नियमाचीही कटकट नको असेल, तर एक दुसरी शाखा आहे आणि तिचं मूळ पाळण्यात आहे. रॉबर्ट फँट्झ बाळाच्या डोळ्यातल्या बाहुलीवर पडलेलं चित्राचं प्रतिबिंब झरोक्यातून न्याहाळायचा. १९६४ साली त्याने दाखवलं, की दोन महिन्यांहून मोठी बाळं पाहिलेल्या आकृतीला कंटाळतात आणि नव्याकडे बघतात. म्हणजे जुनी त्यांना आठवते. २००९ साली अटलांटात स्टुअर्ट झोला यांच्या गटाने हेच वृद्धांवर करून पाहिलं. सूचना एवढीच, की पडद्याकडे बघा. जोडचित्रं दाखवून दोन सेकंदांनी पुन्हा जुनं-नवं शेजारी ठेवलं, तर विसराळूपण नुकतं सुरू झालेले लोकही नव्याकडे बघत. मधे दोन मिनिटं गेली की त्यांची नजर दोन्हींत जवळजवळ सारखी वाटली जाई. रुग्ण मोजकेच होते आणि एवढ्यावरून कुणाला डिमेन्शिया आहे असा शिक्का मारता येत नाही. तो ठरवायला अजून डॉक्टरांची तपासणी आणि घरच्यांशी सविस्तर बोलणंच लागतं.