डावीकडे बोंगो, उजवीकडे बोंगो

साल 1960. न्यूयॉर्कच्या एका उपनगरातल्या दिवाणखान्यात तुम्ही पाहुणे आहात. यजमानांनी नुकताच दुसरा स्पीकर घेतलाय. भिंतीच्या दोन टोकांना दोन स्पीकर, समोर मधोमध एकच खुर्ची. "इथे बसा. जरा सरका. हं, आता हलू नका."

हातात एलपी येते: 'पर्सुएसिव्ह पर्कशन', कमांड रेकॉर्ड्स, 1959. कव्हरवर चित्रकार जोसेफ आल्बर्स यांचे काळे ठिपके. खालचे शिस्तीत, वरचे काही रांग सोडून सुटलेले. कव्हर पुस्तकासारखं उघडतं आणि आत कान कुठे द्यायचा याची टिपणं! निर्माते इनॉक लाइट श्रोत्याला किती मानाने वागवतात, पाहा.

सुई टेकते. डावीकडे बोंगो वाजतो. लगेच उजवीकडे. पुन्हा डावीकडे. तुमची मान आपोआप वळते. यजमान खूश.

तबकडीवर वाकून पाहिलंत तर खाच एकच दिसेल. पण तिला दोन तिरक्या भिंती आहेत. एकीवर डावीकडचा आवाज कोरलाय, दुसरीवर उजवीकडचा, आणि एकच सुई दोन्ही वाचते. ही युक्ती अभियंते ॲलन ब्लुमलाइन यांनी इंग्लंडमध्ये 1931 सालीच पेटंटच्या अर्जात मांडली होती. अशा तबकड्या घरोघरी जायला मात्र 1958 उजाडलं.

चाली जुन्याच, सगळ्यांच्या ओठांवरच्या. मला यातच खरी हुशारी दिसते. चाल पाठ असली की कान मोकळा राहतो आणि सूर कुठून आला, किती लांबून आला, हे टिपू लागतो. 'गप्पा मारताना मागे लावायचं संगीत' म्हणून ज्याला हिणवलं, त्यानेच लोकांना गप्पा थांबवून खुर्चीत बसायला लावलं.

आता दोन वर्षं पुढे, हॉलिवूडला चला. मेक्सिकोचे संगीतकार एस्किव्हेल 'लॅटिन-एस्क' ही एलपी ध्वनिमुद्रित करताहेत. डावीकडचा आवाज उजवीकडे जराही झिरपू नये, म्हणून त्यांनी वाद्यवृंदच दोन वेगळ्या स्टुडिओंत वाटून टाकलाय. तुम्ही एका स्टुडिओत उभे आहात आणि चाल मध्येच तुटते. वादक स्वस्थ बसून मोजताहेत, नेमक्या मात्रेवर पुन्हा उचलताहेत. शेजारचा वादक हेडफोन काढून तुमच्या कानाला लावतो: गाळलेल्या जागा दुसऱ्या स्टुडिओतली मंडळी भरताहेत, तीही चढ्या लयीत.