चक बेरींची गिटार आणि कोल्हापूरचे दरबारगायक

१/ रॉक संगीतातील गिटारचा ‘सोलो’ पिढ्यान्‌पिढ्या स्मरणात का राहतो? या प्रश्नाचे एक उत्तर १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेलेल्या सुवर्ण तबकडीवर सापडते.

२/ या तबकडीवर चक बेरी यांचे १९५८ मधील ‘जॉनी बी. गूड’ आहे. गिटारच्या आरंभीच्या काही सेकंदांतच हे गाणे ओळखू येते. मात्र ती सुरावट मुळात लुई जॉर्डन यांच्या १९४६ मधील एका गाण्यातली असून, ती कार्ल होगन यांनी वाजवली होती. बेरींनी ती जवळजवळ तशीच घेतली आणि तिला वेग व धार दिली. होगन यांचा प्रभाव त्यांनी मान्यही केला.

३/ त्याच तबकडीवर केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. त्यांचे गुरू अल्लादिया खाँ हे राजर्षी शाहू महाराजांच्या काळातील कोल्हापूरचे दरबारगायक. खाँसाहेबांचे स्वतःचे ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. त्यांच्या गायकीचा अंदाज शिष्यांच्या कंठातूनच घ्यावा लागतो.

४/ उत्तम सोलो पूर्वसुरींची आठवण वाहून नेतो आणि म्हणूनच टिकतो. पुढच्या वेळी बेरींची गिटार ऐकताना होगन यांचेही स्मरण असू द्यावे.