बायपासनंतरची काठी आणि वॉकर : एक छोटासा इतिहास

यावल, फैजपूर, रावेर भागातले रुग्ण मुंबई, नाशिक किंवा पुण्याला बायपास करून घरी परततात, तेव्हा नातेवाईकांचे दोन प्रश्न हमखास असतात. "डॉक्टर, यांना किती दिवस झोपवून ठेवायचं?" आणि "वॉकर आणलाय, त्यावर भार देऊन चालले तर चालेल ना?" दोन्ही प्रश्न काळजीपोटीच येतात. पहिल्याचं उत्तर मिळायला वैद्यकशास्त्राला निम्मं शतक लागलं. दुसऱ्याचं उत्तर अलीकडे थोडं बदललं आहे.

झोपवून ठेवण्याचा काळ

1912 मध्ये शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी हृदयविकाराच्या झटक्याचं सविस्तर वर्णन केलं आणि काही दिवस पूर्ण विश्रांती सुचवली. पुढच्या काळात या काही दिवसांचे सहा आठवडे झाले. हालचाल केली तर दुखावलेला हृदयाचा स्नायू फाटेल, अशी भीती होती. त्यामुळे रुग्णाला जेवणही भरवलं जाई. पण पडून राहिल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होत, त्या फुफ्फुसात जाऊन माणूस दगावे, कुणाला न्यूमोनिया होई.

1952 मध्ये बोस्टनच्या डॉ. सॅम्युएल लेव्हिन आणि डॉ. बर्नार्ड लाउन यांनी झटका आलेल्या 81 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. या रुग्णांना लवकरच पलंगावरून उचलून खुर्चीत बसवलं होतं आणि त्याने नुकसान झालं नाही. 1966 मध्ये अमेरिकेतल्याच डॅलसमध्ये पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे झोपवून ठेवण्यात आलं. त्यांची श्रम करण्याची क्षमता फार घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा वयाच्या तीस वर्षांनी जेवढी हानी केली नव्हती, तेवढी त्या तीन आठवड्यांनी केली होती असं दिसलं.

मुंबईत जुळलेले दोन धागे

मुंबईच्या केईएम रुग्णालयात फेब्रुवारी 1968 मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. जगातल्या पहिल्या हृदयरोपणाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला, पण अशी शस्त्रक्रिया करण्याची हिंमत इथे आहे हे दिसलं. याच केईएममध्ये 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला पोलिओच्या साथींमुळे देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा उभी राहिली होती. हृदयावर शस्त्रक्रिया करणारे आणि माणसाला पुन्हा चालायला शिकवणारे एकाच आवारात होते. आज बायपासनंतर एक-दोन दिवसांतच फिजिओथेरपिस्ट रुग्णाला उभं करतात.

देशातली पहिली बायपास 1975 मध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी मद्रासच्या पेरांबूर इथल्या रेल्वे रुग्णालयात केली. खान्देशातल्या सामान्य घरांपर्यंत ती पोहोचायला आणखी बरीच वर्षं गेली. सरकारी आरोग्य योजनेत 2012 मध्ये पहिल्या टप्प्यात धुळे जिल्हा आला आणि 2013 मध्ये जळगावसह उरलेला महाराष्ट्र. म्हणूनच आज आपल्याकडे गावोगाव छातीवर उभा व्रण असलेली माणसं भेटतात.

भार कुठे द्यायचा?

बायपाससाठी छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी बांधतात. ते जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे आणि पक्कं व्हायला बारा आठवड्यांपर्यंत लागतात. आता वॉकरचा इतिहास पाहा. त्याचं पेटंट 1949 मध्ये इंग्लंडमध्ये मागितलं गेलं. चाकांचा रोलेटर 1978 मध्ये स्वीडनच्या आयना विफाल्क यांनी आणला. त्यांना स्वतःला पोलिओ झाला होता. ही साधनं घडली ती कमजोर पायांचा भार हातांवर घेण्यासाठी. बायपासच्या रुग्णाचं गणित उलटं असतं : पाय त्यामानाने ठीक, पण दोन्ही हातांनी जोर दिला की ताण थेट छातीच्या हाडावर येतो.

म्हणून पूर्वी हातांची जवळजवळ सगळीच कामं बंद ठेवायला सांगत. 2016 मध्ये डॅलसच्याच तज्ज्ञांनी वेगळा विचार मांडला : कोपरं अंगालगत ठेवून केलेली हालचाल बरीच सुरक्षित असते. आज बरेच फिजिओथेरपिस्ट असंच शिकवतात. तरीही तुमच्या सर्जनने दिलेली मर्यादा हीच तुमची मर्यादा.

घरी काय पाळाल?

• वॉकर किंवा काठी तोल सांभाळण्यासाठी आहे. हात अलगद ठेवा, अंग टाकू नका. सरळ उभं राहिल्यावर मूठ मनगटाच्या उंचीवर यावी. काखेतल्या कुबड्या टाळा.

• उठताना वॉकर ओढू नका. खुर्चीच्या कडेला सरका, उशी छातीशी धरा, पुढे झुका आणि पायांच्या जोरावर उठा.

• पलंगावरून उतरण्याआधी दोन मिनिटं बसा. रक्तदाबाच्या गोळ्या आणि आपल्याकडचं ऊन, दोन्हींमुळे चक्कर येऊ शकते. उन्हाळ्यात चालणं सकाळी लवकर उरका.

• शेणाने सारवलेल्या किंवा उंचसखल अंगणात चाकांचा वॉकर नको. सुरुवातीला घरातलं माणूस सोबत असावं.

• भरलेली बादली, केळीचा घड, नातवंडं उचलू नका. मोटारसायकलही सर्जनने परवानगी देईपर्यंत बंद.

• छातीत हाड सरकल्यासारखं किंवा 'कट्' असं जाणवलं, जखमेतून पाणी आलं, ताप आला किंवा एकाच पायाची पोटरी सुजली, तर लगेच डॉक्टरांना भेटा. दम लागत असेल किंवा शुद्ध हरपली, तर 108 ला फोन करा.

तोल नीट सांभाळता येऊ लागला की फिजिओथेरपिस्टला विचारून वॉकर सोडा. बहुतेकांना तो थोडेच दिवस लागतो आणि अनेकांना लागतही नाही. शेजाऱ्याला लागला म्हणून आपणही आणावा, असं काही नाही. मात्र पडण्याची भीती असताना लाजेपोटी तो कोपऱ्यात ठेवणं महागात पडतं.