व्हिक्टोरिया गोदींतील बंबवाले

भंडारदऱ्याच्या डोंगरांत उन्हाळ्यांत वणवा पेटला म्हणजे त्याच्यापुढचें गवत कापून जाळरेषा काढावी लागते. आगीस तिचें खाद्य मिळूं द्यावयाचें नाहीं, हा त्यांतला साधा हिशेब. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या गोदींत हा हिशेब चुकला आणि त्याची किंमत ६६ बंबवाल्यांनीं आपल्या प्राणांनीं दिली.

महायुद्ध चालू होतें. ‘फोर्ट स्टिकिन’ हें इंग्लंडाहून आलेलें मालवाहू जहाज १२ एप्रिल रोजीं व्हिक्टोरिया गोदींत लागलें. त्याच्या पोटांत सुमारें १,४०० टन दारूगोळा होता. कराचीस त्यांत कापसाच्या हजारों गांठी, तेल व लांकूड यांची भर पडली होती. अग्नीचें खाद्य आणि मृत्यूचें भांडार अशीं एकाच छपराखालीं नांदत होतीं. तरीही धोक्याचें लाल निशाण जहाजावर नव्हतें.

१४ तारखेस दुपारीं दोनच्या सुमारास धूर दिसला. बंब धांवून आले. कापसाची आग आंतल्या आंत धुमसत असल्यामुळें आणि धूर दाट असल्यामुळें तिचें मूळ सांपडेना. ९०० टनांहून अधिक पाणी ओतलें गेलें. तें पाणीच उकळूं लागलें. लष्कराच्या दारूगोळा खात्याचे कॅप्टन ओबर्स्ट यांनीं संकटाचें खरें स्वरूप जाणून जहाज बुडवावें असा सल्ला दिला. परंतु निर्णय झाला नाहीं. वादविवाद धक्क्यावर चालला होता, नळ्या मात्र बंबवाल्यांच्या हातांत होत्या.

तीन वाजून पन्नास मिनिटांनीं जहाज सोडण्याचा हुकूम सुटला. त्यानंतर अवघ्या सोळा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला आणि जहाजाचे दोन तुकडे झाले. बारा किलोमीटरांवरील खिडक्यांच्या कांचा फुटल्या. चार वाजून चौतीस मिनिटांनीं दुसरा स्फोट झाला. सुमारें १,४०० किलोमीटर दूर असलेल्या सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रांवरही त्यांची नोंद झाली. शेंकडों माणसें दगावलीं. आग आटोक्यांत येण्यास तीन दिवस लागले, आणि सुमारें पांच लाख टन ढिगारा उपसण्यास ८,००० माणसें सात महिने खपत होतीं. युद्धकाळच्या नियंत्रणामुळें ही वार्ता प्रथम जगास कळविली ती जपान्यांच्या ताब्यांतील सायगांवच्या आकाशवाणीनें, १५ एप्रिल रोजीं!

ज्यांनीं दारूगोळा व कापूस एकत्र भरला त्यांच्यापैकीं कोणी त्या आगीपुढें उभा नव्हता. जे उभे होते त्यांचा त्या चुकींत कांहींच वांटा नव्हता. हेंच त्यांच्या शौर्याचें मर्म होय. क्षणाच्या आवेशांत उडी घेणें निराळें आणि तास दोन तास तापलेल्या पोलादाशेजारीं नळी धरून राहणें निराळें.

भारतांत १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. तरीही ३१ मे २०१६ रोजीं वर्धा जिल्ह्यांतील पुलगांवच्या लष्करी दारूगोळा भांडारास आग लागली, तेव्हां दोन लष्करी अधिकारी व अग्निशामक दलाचे अनेक जवान ती विझवितांना धारातीर्थीं पडले. अशा वीरांचें स्मरण करणें हें कर्तव्य खरेंच. पण पुढच्यांवर तशी वेळ येऊं नये म्हणून जाळरेषा आगीच्या आधींच काढून ठेवणें, हें त्याहून मोठें कर्तव्य आहे.